इन्शुलिनची सुई आणि इन्शुलिनचा पंप

मधुमेह हा शब्द ज्या घरांत कधींच उच्चारला जात नाहीं असें शहरांतील घर आज विरळाच. आजोबांच्या चहांतील साखर बंद होते, सकाळचें फिरणें सुरू होतें, गोळ्यांची डबी देवघराशेजारीं येऊन बसते, आणि घर या पाहुण्याशीं जुळवून घेतें. परंतु याच नांवाचा एक दुसरा विकार आहे. तो बहुधा लहान वयांत किंवा ऐन तारुण्यांत येतो, आणि थोड्या आठवड्यांतच मुलाला अंथरुणास खिळवितो. मूल सारखें पाणी मागतें, सारखें लघवीला जातें, भरपूर खाऊनहि वाळत जातें. यास वैद्यकांत पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. शरीराचें रक्षण करणाऱ्या ज्या शक्ति, त्याच भ्रमिष्ट होऊन स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करितात. मग त्या शरीरास इन्शुलिन बाहेरून देण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. अशा रोग्याला इन्शुलिन हें इतर औषधांसारखें औषध नव्हेच. अन्न आणि पाणी यांच्याच पंक्तीला बसणारी ती वस्तु आहे.

या वस्तूचा शोध लागण्यापूर्वीं अशा मुलांचें काय होई, हें आठवलें म्हणजे त्या शोधाची थोरवी कळते. १९२१ पूर्वीं डॉक्टरांच्या हातीं उपासमारीखेरीज उपाय नव्हता. मुलाला कसेंबसें तगेल एवढेंच अन्न द्यावयाचें, आणि मरण कांहीं महिने लांबवावयाचें, एवढाच तो उपचार. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट या दोघांनीं प्रा. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ या दिवशीं लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोंचण्यांत आला. अर्क अशुद्ध होता व गुण फारसा आला नाहीं. जेम्स कॉलिप यांनीं तो शुद्ध केला, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस पुन्हां दिलेल्या मात्रेनें मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. मरणाच्या दारांतून परतलेला तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला. बँटिंग व मॅक्लाउड यांना १९२३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

म्हणजे प्राण वाचविण्याचा प्रश्न १९२२ सालींच सुटला. पण त्याबरोबर एक दुसराच प्रश्न उभा राहिला, आणि तो सोडविण्यांत मनुष्याला शंभर वर्षें खर्च करावीं लागलीं. इन्शुलिन मिळालें खरें. परंतु तें केव्हां, किती आणि कोणत्या गतीनें द्यावयाचें? सुई आणि पंप यांतील सर्व भेद याच एका प्रश्नांत सांठविलेला आहे.

निरोगी स्वादुपिंड हा काय चमत्कार करितो तें पाहावें. महादेवाच्या पिंडीवर टांगलेलें अभिषेकपात्र सर्वांनींच पाहिलें आहे. त्यांतून रात्रंदिवस बारीक धार गळत असते. शिवाय पूजेच्या वेळीं गुरुजी तांब्याभर पाणी एकदम ओततात. स्वादुपिंडाचेंहि तसेंच आहे. मनुष्य जेवो अथवा उपाशी राहो, जागा असो अथवा झोंपलेला असो, इन्शुलिनची एक सूक्ष्म धार रक्तांत चालूच असते. कारण यकृत सारखें थोडी थोडी साखर रक्तांत सोडीत असतें व तिची व्यवस्था लावावी लागते. आणि मनुष्यानें घांस घेतला कीं या धारेवर आणखी एक मोठी मात्रा सोडली जाते. त्या संतत धारेला डॉक्टर ‘बेसल’ म्हणतात, व जेवणाच्या मात्रेला ‘बोलस’. येथें आपण त्यांना पायाची मात्रा व जेवणाची मात्रा असें म्हणूं. विशेष हा कीं, पायाची धारहि सर्व वेळ सारखी नसते. पहांटे तीनचारच्या सुमारास शरीर उठावयाची तयारी करूं लागतें, कांहीं अंतःस्राव वाढतात आणि त्यांच्या योगें साखरहि चढूं लागते; तेव्हां धार थोडी मोठी होते. मनुष्य चालूं किंवा खेळूं लागला कीं ती बारीक होते. हें सर्व कोणीहि न सांगतां घडतें.

सुईनें या व्यवस्थेचें अनुकरण करावयाचें तें असें. पायाच्या धारेसाठीं, हळूहळू विरघळणारें दीर्घकाळ टिकणारें इन्शुलिन दिवसांतून एकदां किंवा दोनदां टोंचावयाचें. आणि प्रत्येक जेवणापूर्वीं त्वरित काम करणारें इन्शुलिन वेगळें टोंचावयाचें. दिवसास चार सुया, म्हणजे वर्षास चौदाशें साठ! आजच्या सुया केसासारख्या बारीक आहेत, आणि पेनच्या आकाराचीं साधनें आल्यापासून कांचेची पिचकारी उकळण्याचे व दगडावर सुईला धार लावण्याचे दिवस गेले. तेव्हां टोंचण्याच्या वेदना हें या पद्धतीचें मुख्य वैगुण्य नव्हे. खरें वैगुण्य असें कीं, सकाळीं टोंचलेली दीर्घ मुदतीची मात्रा परत घेतां येत नाहीं. दुपारीं मुलाच्या शाळेंत अचानक क्रिकेटचा सामना ठरला, तरी सकाळची मात्रा आपलें काम करीतच राहाते. पहांटे साखर चढते म्हणून रात्रीची मात्रा वाढवावी, तर मध्यरात्रीं दोन वाजतां साखर धोक्याइतकी उतरते. आईबापांनीं गजर लावून उठावें, झोंपलेल्या मुलाचें बोट टोंचून साखर पाहावी, आणि त्याच्या तोंडांत साखरपाणी घालावें, ही कथा अशा घरांतून नित्याची असते.

या अडचणींतून पंपाची कल्पना निघाली. १९६३ सालीं लॉस एंजेलिस येथील डॉ. आर्नल्ड कॅडिश यांनीं असें एक यंत्र तयार केलें. पण तें सैनिकाच्या पाठीवरील पिशवीएवढें अवजड होतें, व व्यवहारांत उपयोगी पडण्याजोगें नव्हतें. खरी वाट मोकळी झाली ती लंडनमध्यें. गाय्ज रुग्णालयांतील जॉन पिकप, हॅरी कीन व त्यांचे सहकारी यांनीं बॅटरीवर चालणारी एक लहानशी पिचकारी रोग्याच्या अंगावर बांधून, शिरेंत नव्हे तर त्वचेखालीं, इन्शुलिनची संतत धार सोडण्याचा प्रयोग केला आणि त्याचा वृत्तांत १९७८ सालीं प्रसिद्ध केला. अमेरिकेंतहि त्याच सुमारास डीन केमन यांनीं बनविलेला पंप प्रचारांत आला. त्याच्या आकारामुळें व रंगामुळें लोक त्यास ‘मोठी निळी वीट’ म्हणत. त्या विटेचें रूपांतर होत होत आजचा पंप पत्त्यांच्या जोडाएवढा, किंवा त्याहूनहि लहान झाला आहे.

या यंत्राची रचना समजण्यास अवघड नाहीं. पंपाच्या पोटांत इन्शुलिनची एक कुपी असते. तींत सामान्यतः दोनशें ते तीनशें युनिटें मावतात. एक सूक्ष्म मोटर कुपीचा दट्ट्या अगदीं तिळातिळानें पुढें ढकलते. कुपीपासून एक बारीक, लवचिक नळी निघते, आणि तिच्या टोंकाशीं असलेली मऊ नलिका पोटाच्या, मांडीच्या किंवा कंबरेच्या त्वचेखालीं बसविलेली असते. नलिका बसवितांना सुईची मदत घ्यावी लागते, पण सुई लागलीच काढून घेतात. आंत राहाते ती मऊ नलिका. दर दोनतीन दिवसांनीं ती बदलून दुसऱ्या जागीं बसवावयाची असते. वर्षाच्या चौदाशें साठ टोंचण्यांच्या जागीं सव्वाशेंदीडशें राहातात तीं अशीं. कांहीं पंपांत लांब नळीच नसते. इन्शुलिनसह सर्व यंत्र एका चिकटपट्टीनें अंगावरच चिकटविलेलें असतें.

पंपांत फक्त त्वरित काम करणारें इन्शुलिनच भरतात. दीर्घ मुदतीच्या इन्शुलिनची येथें गरजच राहात नाहीं. कारण त्वरित इन्शुलिनचाच थेंबाथेंबानें पाया घातला जातो. दर तासाला किती युनिट सोडावयाचें हें पंपाला आधीं सांगून ठेवितां येतें, आणि दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरांना निरनिराळें प्रमाण देतां येतें. मध्यरात्रीं ०.५, पहांटे ०.८, दुपारीं ०.६, याप्रमाणें. युनिटाचा विसावा भाग मोजण्याचें कसब या यंत्रांत आहे. म्हणून ज्याला दिवसभरांत सहासातच युनिटें पुरतात अशा तान्ह्या मुलालाहि तें उपयोगी पडतें. सामना ठरला कीं दोन तासांसाठीं धार निम्म्यावर आणतां येते. जें सुईला जमत नव्हतें तें हें.

आतां सुईवरून पंपावर येतांना जें गणित मांडावें लागतें त्याचा एक नमुना पाहूं. हें उदाहरण पद्धति समजावी एवढ्यासाठींच आहे. प्रत्येक रोग्याचे आंकडे त्याच्या डॉक्टरनेंच ठरवावयाचे असतात. समजा, एक सोळा वर्षांचा विद्यार्थी सुईनें दिवसास एकूण ४० युनिटें घेत आहे. पंपावर इन्शुलिन अधिक सरळपणें कामीं येतें, म्हणून आरंभीं एकूण मात्रा बहुधा दहा ते पंचवीस टक्क्यांनीं कमी करितात. वीस टक्के कमी केल्यास ३२ युनिटें उरलीं. यांतील सुमारें निम्मीं, म्हणजे १६, पायासाठीं ठेविलीं. त्यांस चोवीसानें भागिलें म्हणजे तासास सुमारें ०.६५ युनिट येतें. राहिलेलीं १६ जेवणांसाठीं.

आतां जेवणाची मात्रा. येथें डॉक्टर दोन ढोबळ नियम वापरतात. ५०० या संख्येस दिवसाच्या एकूण मात्रेनें भागिलें असतां एक युनिट किती ग्रॅम कर्बोदकांस पुरतें तें निघतें. ५०० भागिलें ३२ म्हणजे सुमारें १५ ग्रॅम. आणि १८०० या संख्येस तसेंच भागिलें असतां एका युनिटानें साखर किती मिलिग्रॅमनें उतरेल तें निघतें. १८०० भागिलें ३२ म्हणजे सुमारें ५५. आतां आपला विद्यार्थी पानावर बसला आहे. दोन लहान पोळ्यांचीं ३० ग्रॅम, वाटीभर भाताचीं ३०, आणि आमटी-उसळीचीं १५, मिळून ७५ ग्रॅम कर्बोदकें झालीं. त्यास ५ युनिटें हवींत. जेवणापूर्वीं साखर पाहिली ती २३० निघाली, आणि हवी आहे १२०. फरक ११०, म्हणून आणखी २ युनिटें. एकूण ७. परंतु दोन तासांपूर्वीं त्यानें चिवडा खातांना मात्रा घेतली होती व तींतील दीड युनिट अद्यापि शरीरांत काम करीत आहे. पंपाला तें स्मरण असतें. तो दीड युनिट वजा करून साडेपांच सुचवितो. सुई घेणाऱ्या मनुष्यास हा हिशेब तोंडी ठेवावा लागतो, आणि विसर पडला म्हणजे मात्रेवर मात्रा चढून साखर एकाएकीं उतरते.

मात्र पंपाचें हें शहाणपण सर्वस्वी मनुष्याच्या सत्यवचनावर अवलंबून आहे. पानांत किती कर्बोदकें आहेत हें पंपाला दिसत नाहीं. तें त्याला सांगावें लागतें. म्हणून पंप घेणाऱ्या घराची खरी शाळा स्वयंपाकघरांत भरते. पोळीचें व भाकरीचें वजन, भाताच्या वाटीचें माप, हें सर्व कांहीं आठवडे काट्यावर तोलून शिकावें लागतें. पुढें डोळ्यांना अंदाज येतो. आपल्या उपवासाची गंमत येथें उघडकीस येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निखळ पिष्ट. एकादशीच्या खिचडीला उपवासाचा मान असला, तरी इन्शुलिनच्या हिशेबांत ती भरल्या ताटाची बरोबरी करिते. पुरणपोळीची गोष्ट आणखी निराळी. तींतील गूळ चटकन् रक्तांत उतरतो, पण तिच्यावरचें तूप व आंतील डाळ पचनाचा वेग मंदावितात. म्हणून साखर दोन टप्प्यांत चढते. पंपाला मात्रेचा कांहीं भाग तात्काळ व उरलेला दोनतीन तासांत पसरून देतां येतो. सणाच्या जेवणाला ही सोय फार उपयोगाची आहे.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस शांतपणें निवडावा लागतो. परीक्षेच्या किंवा लग्नकार्याच्या आठवड्यांत हा उद्योग कोणी करूं नये. दीर्घ मुदतीचें शेवटचें इंजेक्शन केव्हां घ्यावयाचें हें डॉक्टर सांगतात. कारण त्याचा अंमल उतरण्यापूर्वीं पंपाची पूर्ण धार सुरू झाली तर दोहोंची बेरीज होते. प्रारंभ बहुधा सकाळीं करितात, म्हणजे पहिले कांहीं तास डॉक्टर किंवा परिचारिका जवळ असतात. पहिल्या आठवड्यांत साखर वारंवार पाहावी लागते: जेवणापूर्वीं, जेवणानंतर दोन तासांनीं, निजतांना आणि रात्रीं तीनच्या सुमारास. पायाची धार बरोबर आहे कीं नाहीं हें पाहाण्याची युक्ति अशी कीं, एक वेळचें जेवण मुद्दाम टाळावयाचें. पोटांत अन्न नसतां साखर स्थिर राहिली तर पाया बरोबर. चढली तर धार कमी आहे. उतरली तर अधिक आहे. मग आंकडे दहाएक टक्क्यांनीं इकडेतिकडे सरकवीत हळूहळू मेळ बसतो. या कामास कित्येक आठवडे लागतात. पंप बसविल्यावर पहिल्याच महिन्यांत निराश झालेलीं घरें पुष्कळ असतात. त्यांतील बहुतेकांना वेळ अपुरा पडलेला असतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पंपाचा मोठा गुण तोच त्याचा मोठा धोका आहे. सुई घेणाऱ्याच्या शरीरांत दीर्घ मुदतीच्या इन्शुलिनचा सांठा असतो. एखादी मात्रा चुकली तरी तो सांठा कांहीं काळ सांभाळून घेतो. पंप वापरणाऱ्याच्या शरीरांत असा सांठा नसतोच. नळी दुमडली, नलिका त्वचेबाहेर निघाली, कुपी रिकामी झाली, किंवा यंत्रच बंद पडलें, कीं थोड्या तासांतच शरीर इन्शुलिनला पारखें होतें. साखर चढते, चरबी जळूं लागते, कीटोन नांवाचीं आम्लें रक्तांत सांचतात. उलट्या होतात, श्वास जोरानें चालूं लागतो, आणि उपचार न झाल्यास प्राणावर बेततें. अभिषेकपात्राचें छिद्र बुजलें कीं पिंडी कोरडी पडावी, तसाच हा प्रकार.

म्हणून पंप वापरणाऱ्या घरानें एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा. साखर २५० च्या वर गेली व त्याचें कारण समजेना, तर प्रथम कीटोन तपासावे. कीटोन असल्यास पंपावर विसंबून न राहतां साध्या सुईनें किंवा पेननें मात्रा घ्यावी, नळी व नलिका नवी बसवावी, आणि डॉक्टरांना कळवावें. कीटोन नसल्यास पंपानें एकदां मात्रा देऊन पाहावी. दोन तासांत साखर उतरली नाहीं तर वरचाच मार्ग धरावा. यावरून हेंहि ध्यानांत येईल कीं, पंप आला म्हणून सुई घराबाहेर टाकावयाची नसते. पेन, जास्तीचें इन्शुलिन, कीटोन तपासण्याच्या पट्ट्या व पंपाची बॅटरी हीं प्रवासाच्या पिशवींत नेहमीं असलीं पाहिजेत. सुई येथें पदच्युत होत नाहीं. राखीव फौजेंत जाते, इतकेंच.

कांहीं बारीकसारीक गोष्टींतहि सावधपणा लागतो. नलिका निजण्यापूर्वीं बदलूं नये. सकाळीं किंवा दुपारीं बदलावी, म्हणजे ती नीट बसली कीं नाहीं हें दोन तासांनीं साखर पाहून कळतें. त्याच त्या जागीं ती बसवीत राहिल्यास त्वचेखालीं गांठी येतात व तेथें इन्शुलिन नीट शोषलें जात नाहीं. म्हणून जागा फिरवावी व नाभीपासून दोनतीन बोटें दूर राहावें. कुपी भरतांना हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये. पंपाच्या इन्शुलिनच्या एका मिलिलिटरांत १०० युनिटें असतात. म्हणजे मिलिलिटराच्या शंभराव्या भागाएवढा बुडबुडा नळींतून गेला तरी एक युनिट कमी मिळालें. शीतकपाटांतील थंडगार इन्शुलिन भरल्यास असे बुडबुडे अधिक होतात. तें आधीं बाहेर काढून ठेवावें.

आपल्याकडे एक खास खबरदारी घ्यावी लागते. भारतांत सुईसाठीं मिळणाऱ्या पुष्कळशा कुप्यांतील इन्शुलिन मिलिलिटरास ४० युनिटांचें असतें. पंपाचें सर्व गणित १०० चें आहे. ४० चें इन्शुलिन पंपांत भरल्यास प्रत्येक मात्रा पांचांत दोनच हिस्से मिळते, आणि पंपाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. दुकानांतून आणतांना कुपीवरील आंकडा वाचलाच पाहिजे. तसाच उन्हाळा. इन्शुलिन हें प्रथिन आहे. उष्णतेनें त्याची शक्ति नष्ट होते. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेथें उन्हांत उभ्या केलेल्या गाडींत पंप राहूं देणें म्हणजे औषधाचें पाणी करणें होय. लांब नळीचा पंप स्नानाच्या वेळीं सोडून ठेवितां येतो, पण तासाभरांत पुन्हां जोडावा. रुग्णालयांत एमआरआय नांवाची चुंबकीय तपासणी व्हावयाची असेल तेव्हां तो खोलीबाहेरच काढून ठेवावा.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर अमेरिका व कॅनडा येथें १९८३ ते १९९३ या काळांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगानें दिलें आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १४४१ रोगी त्यांत सामील झाले होते. निम्म्यांना तेव्हांच्या रूढ पद्धतीनें दिवसास एकदोन इंजेक्शनें दिलीं; उरलेल्यांना पंपानें अथवा तीन किंवा अधिक इंजेक्शनांनीं साखर शक्य तितकी निरोग्याच्या जवळ राखण्यास शिकविलें. सरासरी साडेसहा वर्षांनीं असें दिसलें कीं, दुसऱ्या गटांत डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्यानें उद्भवण्याचें प्रमाण ७६ टक्क्यांनीं घटलें होतें. मूत्रपिंडाच्या व मज्जातंतूंच्या विकारांतहि मोठी घट झाली होती. मात्र साखर फार उतरून दुसऱ्याची मदत लागण्याचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढले होते. या प्रयोगांतून दोन धडे मिळतात. पहिला असा कीं, डोळे आणि मूत्रपिंडें वाचविण्याची किल्ली साखरेच्या शिस्तींत आहे. दुसरा असा कीं, ही शिस्त पंपानें येते तशीच काळजीपूर्वक घेतलेल्या सुयांनींहि येते. म्हणून ज्याला पंप परवडत नाहीं त्यानें आपल्या मुलाचें भवितव्य अंधारांत गेलें असें मुळींच मानूं नये.

वर सांगितलेली तिसरी गोष्ट, म्हणजे साखर उतरण्याचें भय, तिच्यावरील उपाय गेल्या कांहीं वर्षांत निघाला आहे. त्वचेखालीं बसविलेला एक सूक्ष्म सेन्सर दर पांच मिनिटांच्या सुमारास साखरेचा अंदाज घेतो व पंपाला कळवितो. हा अंदाज रक्तांतील नव्हे, तर पेशींच्या भोंवतालच्या द्रवांतील साखरेचा असतो; त्यामुळें तो रक्ताच्या मागें कांहीं मिनिटें रेंगाळतो. तरीहि त्याच्या आधारें पंप स्वतःच धार वाढवितो, कमी करितो किंवा थांबवितो. अशा पहिल्या यंत्रास अमेरिकेंत २०१६ सालीं मान्यता मिळाली, आणि आतां तशीं यंत्रें भारतांतहि वापरलीं जातात. कॅडिश यांनीं १९६३ सालीं पाठीवर वाहिलेलें स्वप्न तें हेंच. पण हेंहि पूर्ण स्वयंचलित नव्हे. टोंचलेल्या इन्शुलिनला काम सुरू करण्यास वेळ लागतो, आणि घांस मात्र तात्काळ पोटांत जातो. म्हणून जेवणाची सूचना मनुष्यानें आधीं दिलीच पाहिजे. रात्रीं मात्र हें यंत्र खरा पहारेकरी ठरतें, आणि पुष्कळ मातांना पहांटेपर्यंतची झोंप त्यानें परत मिळवून दिली आहे.

राहिला प्रश्न खर्चाचा व पात्रतेचा. आपल्याकडे चांगल्या पंपाची किंमत लाखांच्या घरांत जाते. शिवाय नळ्या, कुप्या व सेन्सर यांचा दरमहाचा खर्च हजारांनीं मोजावा लागतो. यंत्र एकदां घेतां येतें, पण नळी जन्मभर घ्यावी लागते. म्हणून घर ठरवितांना पंपाच्या किंमतीपेक्षां महिन्याच्या खर्चाचा विचार आधीं करावा. ज्यांची साखर नियमितपणें सुया घेऊनहि फार वरखालीं होते, ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होत नाहीं, ज्यांना पहांटेच्या चढाचा त्रास आहे, अशांस आणि लहान मुलांस व गरोदर स्त्रियांस पंपाचा लाभ विशेष होतो. उलट, जो दिवसांतून चार वेळां साखर पाहावयास तयार नाहीं किंवा सेन्सरहि लावूं इच्छीत नाहीं, त्याला पंप देणें म्हणजे न वाचणाऱ्यास ग्रंथ देणें होय.

आणखी एक अडचण आहे, ती यंत्राची नसून समाजाची आहे. सुई न्हाणीघराचें दार लावून घेतां येते. पंप अंगावर असतो, तो कोणीतरी पाहातोच. मुलगी उपवर झाली कीं घरांतील वडील माणसें कुजबुजूं लागतात: ‘हें लोकांना दिसेल त्याचें काय?’ मग ती मुलगी पंप काढून ठेविते, किंवा चारचौघांत मात्रा घेण्याचें टाळते, आणि लोकलज्जेचें मोल तिचें शरीर देतें. वास्तविक चष्मा जसा डोळ्यांवर असतो तसा पंप कंबरेला असतो. चष्म्याची लाज एकेकाळीं वाटत असे. आज वाटत नाहीं. शाळेंतील शिक्षकांना, वर्गांतील दोन मित्रांना व कचेरींतील शेजाऱ्याला या यंत्राची माहिती असणें हें तर रोग्याच्या सुरक्षिततेचें साधन आहे. साखर ७० च्या खालीं उतरली तर तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें, एवढें ज्ञान जवळच्या चार माणसांपाशीं असलें म्हणजे एखादें मोठें संकट टळतें. रोगी शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडांत कांहींहि न घालतां त्यास तात्काळ रुग्णालयांत न्यावें.

सारांश, पंप हा मधुमेह बरा करीत नाहीं. सुईपेक्षां तो निसर्गाच्या अधिक जवळ जातो, एवढाच त्याचा अधिकार. तो हिशेब ठेवितो, पण हिशेबाचे आंकडे मनुष्यानें द्यावे लागतात. तो रात्रीं जागतो, पण नळी मनुष्यानें बदलावी लागते. जें घर या दोन कामांची वांटणी नीट समजून घेतें, त्या घरांतील मूल सामना खेळतें, सहलीला जातें, सणाला पुरणपोळी खातें, आणि पुढें डोळे व मूत्रपिंडें शाबूत ठेवून आपल्या पायांवर उभें राहातें. १९२२ सालीं टोरोंटोंत प्राण वाचला. त्या वाचलेल्या प्राणाला सुखानें जगूं देणें हें त्याच्या पुढचें काम आहे, आणि तें रोज, घरोघरीं, थेंबाथेंबानें व्हावयाचें आहे.